‘आजोबा’ कासवाचा आधार

कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी परिसरातील ज्येष्ठ वाचकहो, २६ जुलै २००५ हा दिवस आपणांस निश्चितच स्मरत असेल. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले. माणसांबरोबर असंख्य मुकी जनावरेही दगावली. पाणी ओसरते, मनातील धास्ती मात्र लवकर ओसरत नाही. अशा वेळी धीर कोठून मिळतो, हे सांगणारी एक घटना त्याआधी सातच महिने हिंदी महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर घडली होती.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटा आफ्रिकेतील केनियापर्यंत पोहोचल्या. अतिवृष्टीमुळे सबाकी नदीतून समुद्राकडे वाहत आलेल्या पाणघोड्यांपैकी साधारण वर्षभराचे एक पिल्लू मालिंदीजवळ एकटेच अडकून पडले. लोकांनी जाळी टाकून मोठ्या कष्टाने त्याला बाहेर काढले आणि त्याचे नाव ‘ओवेन’ ठेवले. मोम्बासा येथील हॅलर पार्कमध्ये सोडताच भेदरलेला ओवेन धावला, तो थेट एका प्रचंड कासवाच्या आडोशाला. कासवाचे वय सुमारे १३० वर्षे, नाव ‘म्झे’. स्वाहिली भाषेत वडीलधाऱ्यांना आदराने असे संबोधतात. आपण ‘आजोबा’ म्हणू.

आजोबांनी प्रथम फुत्कार टाकून पाठ फिरवली. पिल्लू मात्र मागोमाग जात राहिले. थोड्याच दिवसांत दोघे शेजारी निजू लागले, एकत्र पाण्यात उतरू लागले. त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि हे जोडपे आशेचे प्रतीक ठरले.

म्झेने कोणताही पराक्रम केला नव्हता. तो केवळ जवळ राहिला. ‘आता आपण फक्त इतरांनी सांभाळण्यापुरते उरलो,’ असा विचार मनात येत असेल, तर हे कासव आठवावे. घाबरलेल्या नातवंडाशेजारी शांत बसणे, हेही मोठेच कार्य आहे. सेवाशुश्रूषा करणाऱ्यांनीही ज्येष्ठांकडे झेपेल अशी एखादी जबाबदारी अवश्य सोपवावी: पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे, तुळशीला पाणी घालणे, घरच्या मांजरीला वेळेवर खाऊ देणे. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव दिवसाला आकार देते.

मायेला तारतम्याचीही जोड हवी. ओवेन आकाराने वाढल्यावर म्झेला इजा होऊ नये, म्हणून पुढे दोघांना वेगळे ठेवण्यात आले आणि ओवेनला पाणघोडीची सोबत मिळाली. आपणही तोल जाण्याचा त्रास असेल, तर ओढ घेणाऱ्या कुत्र्याला एकट्याने फिरवू नये.

पावसाळ्यासाठी एवढी तयारी असावी:

• आठवडाभराची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत व जादा चष्मा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा.

• पाळीव प्राण्याचे खाद्य व लसीकरणाची नोंद त्याच पिशवीजवळ असावी. पाणी चढू लागल्यास त्याला बांधून ठेवून जाऊ नये.

• साचलेल्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. पायाला जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, त्या पाण्यात उतरणे टाळावे. उतरावेच लागले, तर पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता, ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे.

आणि शेजारी एकटे राहणारे कोणी असतील, तर पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी त्यांचे दार एकदा अवश्य ठोठवावे.