आडवं झाड आणि गाडीतला चेनसॉ

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी घातली की आडवं पडलेलं झाड कधी ना कधी भेटतंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तर गावंच्या गावं पडलेल्या झाडांमुळे अडकली होती. गाडीत चेनसॉ, म्हणजे गावाकडच्या बोलीतला ‘कटर’, ठेवावा असं वाटणं त्यामुळे स्वाभाविक आहे. पण तो निवडताना बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो. आपल्याला जंगल तोडायचं नसतं. गाडी जाण्यापुरती वाट मोकळी करायची असते. निवड करताना एवढंच धरून चालावं.

गैरसमज : बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, जितका लांब, तितकं मशीन कामाचं.
वस्तुस्थिती : १४ ते १६ इंची बार आणि ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आपल्या कामाला पुरतं. बारपेक्षा जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. बाजारात स्वस्तात मिळणारा ५८ सीसी, २२ इंची चेनसॉ डोळ्यांत भरतो, पण ओल्या उतारावर, वाकून, फांद्यांच्या गुंत्यात तो धरताना हात लवकर भरून येतात. शिवाय लांब बारचं टोक आपल्या नजरेआड दगडाला किंवा फांदीला टेकतं. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात उसळून आपल्या अंगावर येतं. सर्वांत भयानक जखमा अशाच होतात. म्हणून अशा वेळी चेन थांबवणारा चेन-ब्रेक नसलेलं किंवा तो नीट लागत नसलेलं मशीन घेऊच नये.

गैरसमज : बॅटरीचा चेनसॉ म्हणजे खेळणं.
वस्तुस्थिती : ३६ ते ४० व्होल्टचा चांगला चेनसॉ फूटभर जाडीचं खोड व्यवस्थित कापतो. गाडीत पेट्रोलचा वास नाही, गळती नाही आणि सहा महिने पडून राहिला तरी बटण दाबताच सुरू होतो. वर्षातून दोन-चार झाडं कापणाऱ्यासाठी मी हाच सुचवेन, सोबत एक जादा बॅटरी. मात्र दिवसभराच्या कामाला पेट्रोलचंच मशीन हवं. आणि चेनला तेल दोन्हींत लागतं. बॅटरी आहे म्हणून तेल नको, हा समज बार आणि चेन दोन्ही खराब करतो.

गैरसमज : पेट्रोल भरून ठेवलं की मशीन कायम तयार.
वस्तुस्थिती : हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो. ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल; आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत पाहावं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. म्हणून मिश्रण महिन्याभराच्या आत वापरावं, आणि परत आल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. चेनवर जळकं इंजिन ऑइल घालू नये. ते चेनला धरून राहत नाही आणि त्यातला धातूचा कीस बार झिजवतो.

गैरसमज : मशीन चालवता आलं म्हणजे झाड कापता आलं.
वस्तुस्थिती : ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर खोड दोन्ही बांधांवर टेकून आडवं पडलं होतं. मी वरून कापायला घेतलं. भुसा छान उडत होता. अर्ध्यावर खोड मध्येच किंचित खचलं, काप मिटला आणि बार आत घट्ट अडकला. अशा खोडात वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून एक तृतीयांश भाग कापायचा, मग खालून वर यायचं. एक टोक अधांतरी असेल तर उलट, म्हणजे आधी खालून. उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहावं, आणि खोड सुटताच उन्मळलेलं मूळ परत उभं होऊ शकतं, म्हणून त्याच्या जवळ कुणाला थांबू देऊ नये. फांद्यांत विजेची तार असेल तर झाडाला हातच लावायचा नाही.

गैरसमज : पडलेलं झाड कुणाचंच नसतं.
वस्तुस्थिती : राखीव वनात लाकूड तोडणं आणि नेणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, हत्यारं आणि गाडीही जप्त होऊ शकते. शक्य तिथे आधी वनरक्षकाला किंवा गावातल्या माणसांना सांगावं. वाटेपुरतं कापावं, ओंडके कडेला सारावेत आणि एक ढलपीही गाडीत टाकू नये.

त्या दिवशी माझा बार सोडवला तो वाटेनं जाणाऱ्या एका शेतकरी काकांच्या हातकरवतीनं आणि लाकडी पाचरीनं. तेव्हापासून माझ्या पेटीत चेनसॉच्या शेजारी करवत, प्लास्टिकच्या दोन पाचरी, जादा चेन, कानस, हेल्मेट, गॉगल, कानपट्ट्या आणि पायांसाठी संरक्षक चॅप्स असतात. गाडीचा ओढदोर या सगळ्याच्याही वर असतो, कारण पुष्कळ झाडं कापावी लागतच नाहीत, नुसती ओढून बाजूला करता येतात.