पाठीतली भूल किती तास?

सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हे जमायचं तर सर्जनच्या हाताइतकंच भूलतज्ज्ञाने निवडलेलं औषधही मोलाचं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 2018 मध्ये गुडघेरोपण आणि 2020 मध्ये खुबारोपण ‘भरती हवीच’ या यादीतून काढलं, तेव्हापासून तिथे हा हिशेब जास्तच काटेकोर झाला.

ऑपरेशन साधारण एक ते दोन तासांचं. पाठीतल्या भुलीचं नेहमीचं औषध बुपिव्हाकेन मात्र, डोस आणि रुग्णाप्रमाणे, दोन ते चार तास किंवा त्याहूनही जास्त पाय जड ठेवतं. मेपिव्हाकेन बरंच लवकर उतरतं. क्लोरोप्रोकेन त्याहून लवकर, पण ऑपरेशन लांबलं तर पंचाईत! लिडोकेन मागे पडलं ते नंतर कंबर-मांड्यांत उठणाऱ्या कळांमुळे.

पायाचा अंगठा हलला की नातेवाईकांना हायसं वाटतं. पण पाऊल हलणं ही सुरुवात. सरळ पाय गादीवरून उचलता येणं ही पुढची पायरी. त्यानंतरही पहिल्यांदा उभं राहताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते, म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी पलंगाच्या कडेला बसवतात. लघवी तुंबणं हा घरी जाण्यातला आणखी एक अडसर. भुलीत मॉर्फिन मिसळलं तर वेदना लांबणीवर पडतात, पण लघवी तुंबण्याची, खाज आणि मळमळीची शक्यता वाढते.

भूल लवकर उतरते तशी कळही लवकर येते. त्यामुळे दुखणं थांबवणारी औषधं पाय जड असतानाच सुरू करावी लागतात.