तेल तापवायचे की खडक?

थंडीच्या दिवसांत काकवीची बरणी तिरपी करून पाहा. काही केल्या धार पडत नाही. तीच बरणी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवली, की काकवी सहज वाहू लागते. जमिनीखालचे काही खनिज तेलही असेच दाट असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कर्न रिव्हर नावाचे तेलक्षेत्र आहे. तेथे १८९९ साली तेल सापडले. पण ते इतके चिकट, की वाळूच्या थरातून विहिरीकडे मोठ्या नाखुषीने सरके. १९६० नंतरच्या दशकात तेथे थरात वाफ सोडण्यास सुरुवात झाली आणि तेल वाहते झाले.

वाफच का? १०० अंशाच्या उकळत्या पाण्यापेक्षा तितक्याच तापमानाच्या वाफेत दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी उष्णता जास्त असते, हे तुम्ही शिकला आहात. वाफेचे पाणी होताना ती उष्णता तेलाला मिळते. परंतु तेल कोणते आणि दगड कोणता, हे उष्णतेला कसे कळावे? थराच्या वरच्या आणि खालच्या खडकातही ती वहनाने शिरत राहते. म्हणून अभियंता आधी विचारतो: थर किती जाड आहे?

चहा बशीत ओतला की लवकर निवतो. चहा तेवढाच, पण पातळ पसरलेला. तेलाच्या पातळ थराचे असेच होते. मात्र येथे एक गंमत आहे. थर दुप्पट जाड असेल तर उष्णता दुप्पट काळ टिकेल, असे वाटते ना? ती चौपट काळ टिकते! दुप्पट जाड थरात उष्णता दुप्पट मावते. तिचा तेवढाच हिस्सा गमावला जाण्यासाठी शेजारचा खडक दुप्पट खोलवर तापावा लागतो, आणि वहनाला दुप्पट अंतर कापण्यास चौपट वेळ लागतो. सर्वसाधारण खडक धरून ढोबळ हिशोब केला, तर सोडलेल्या उष्णतेपैकी निम्म्याच्या जवळपास बाहेर जाण्यास ५ मीटरच्या थरात अडीच महिने पुरतात. १० मीटरला सुमारे साडेनऊ महिने लागतात. २० मीटरला तीन वर्षांहून अधिक.

हा हिशोब तेलाच्या जिवावर बेततो. बॉयलरखाली १ टन तेल जाळले, की सुमारे १४ टन वाफ तयार होते. एक टन तेल काढण्यास तेवढीच वाफ लागू लागली, तर हाती काय उरले? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणूनच ६ मीटरपेक्षा पातळ थरात वाफ सोडण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. जाडी मोजतानाही सावध राहावे लागते. वाळूच्या मध्येमध्ये चिकणमातीचे पापुद्रे असतील, तर ते उष्णता खातात आणि तेल मात्र देत नाहीत.

मग थर जितका जाड तितका चांगला काय? तसेही नाही. वाफ हलकी. ती वर चढून थराच्या छताखाली पसरते आणि तळाचे तेल थंडच राहते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात वाफेच्या या खोडीचाच उपयोग करून घेतात. तेथे सुमारे ५ मीटर अंतराने, एकाखाली एक, अशा दोन आडव्या विहिरी खणतात. वरच्या विहिरीतून वाफ जाते. तापलेले तेल आपल्या वजनाने खालच्या विहिरीत उतरते. अर्थात या युक्तीला जाड थरच हवा.

कर्न रिव्हरमध्ये वाळूचे अनेक थर एकावर एक आहेत. तेथे एका थरातून निसटलेली उष्णता वरच्या थरातील तेल ऊबदार करते. ती सगळीच वाया गेली, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे गुजरातेत मेहसाणाजवळच्या बालोल क्षेत्रात तेल सुमारे एक किलोमीटर खोल आहे. इतक्या खाली पोचेपर्यंत वाफ वाटेतच बरीच निवेल. म्हणून १९९० साली तेथे निराळा प्रयोग सुरू झाला: थरात हवा दाबून सोडायची आणि थोडे तेल जमिनीखालीच पेटवायचे. येथे उष्णता थरातच निर्माण होते. त्यामुळे या पद्धतीसाठी ३ मीटर जाडीचा थरही विचारात घेतला जातो.