यंत्रदुरुस्ती आणि कामगाराची सुरक्षितता

गव्हाणीत उसाची शेवटची मोळी पडली, की साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपतो. बाहेरच्या माणसास वाटते, आता कामगारांस विसावा मिळाला. वस्तुतः जोखमीच्या कामांचा एक मोठा भाग तेथूनच सुरू होतो. मिलचे रोलर उतरवणे, गव्हाणीची साखळी तपासणे, बॉयलरच्या नळ्या साफ करणे, मळीच्या टाक्या धुणे ही सारी कामे पुढील हंगामापूर्वी उरकावयाची असतात.

दिनांक १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील उद्योगांचे स्वरूप बव्हंशी असे हंगामीच आहे. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारखा मोठा प्रकल्प असो, कापसाची जिनिंग गिरणी असो, की हळदीला पॉलिश करणारा फिरता ढोल असो, यंत्रांची चाके शेतमाल येईल तशी फिरतात. त्यामुळे दुरुस्तीचे दोन प्रसंग उद्भवतात. एक, हंगामानंतरचा सावकाशीचा. आणि दुसरा, ऐन हंगामात काही अडकले म्हणजे घाईचा. दारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना "पाच मिनिटांचेच काम आहे" असे म्हणून कामगार यंत्रात हात घालतो. या पाच मिनिटांचीच धास्ती अधिक बाळगली पाहिजे.

यंत्र बंद करणे आणि ते निष्प्राण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बटण दाबल्याने मोटारीचा वीजपुरवठा तुटतो, परंतु यंत्रात साठलेली शक्ती नाहीशी होत नाही. ऊस तोडणाऱ्या पात्यांचा जड दंड वीज गेल्यानंतरही आपल्याच वेगाने बराच वेळ फिरत राहतो. चढणीवरील गव्हाणीत ऊस भरलेला असेल, तर त्याच्या भाराने साखळी मागे घसरू शकते. मिलच्या वरच्या रोलरवर तेलाचा दाब असतो. पंप थांबला तरी तो आपोआप उतरेलच असे नाही. हळदीचा ढोल अर्धा भरलेला असताना थांबवला आणि माल एका बाजूस राहिला, तर पट्टा सोडताच तो ढोल स्वतःच्याच वजनाने फिरतो. म्हणूनच कामास हात घालण्यापूर्वी फिरते भाग पूर्ण स्थिर होऊ द्यावेत, दाब उतरवावा, भार काढावा, आणि जे घसरू शकते त्यास टेकू द्यावा. वाफेच्या नळीवर केवळ झडपेचा भरवसा धरू नये. जोडात भरीव चकती बसवून मार्ग बंद करावा.

आता विजेविषयी. आत माणूस काम करीत आहे हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या माणसाने बटण दाबणे, हे अशा अपघातांचे एक नेहमीचे कारण होय. त्यावर उपाय साधा आहे. मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. ती पर्यवेक्षकाच्या टेबलाच्या खणात नसावी, खिळ्यावर टांगलेलीही नसावी. चौघे काम करीत असतील तर चार कुलपे. बाहेरून बोलावलेला कंत्राटी वेल्डर असेल तर त्याचेही एक. पाळी बदलताना नव्या माणसाचे कुलूप लागल्याशिवाय जुन्याचे निघू नये. कुलूप लावल्यावर चालू करण्याचे बटण एकदा दाबून पाहावे, कारण चुकीच्याच स्विचला कुलूप लागल्याचे अशा वेळी कळते. अमेरिकेने हा नियम १९८९ साली कायद्याने बंधनकारक केला. आपल्याकडे अनेक ठिकाणी अद्याप "चालू करू नये" अशा पाटीवरच भागवले जाते, आणि पाटी वाऱ्याने पडते.

टाक्यांचा धोका निराळा आहे. मळी आंबली म्हणजे तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. आत उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो आणि त्यास काढावयास दुसरा धावतो. अशा रीतीने एकामागून एक बळी जातात. टाकी मोकळी करून, हवा खेळवून, हवेची तपासणी करून, कमरेस दोर बांधून, बाहेर एक माणूस उभा ठेवूनच आत जावे. आतील हातदिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा नसावा. ज्वालाग्राही वायूच्या सान्निध्यात वेल्डिंग तर प्राणघातकच ठरते. दिनांक १ ऑगस्ट २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील बेला येथील एका साखर कारखान्यात वेल्डिंगचे काम चालू असता स्फोट होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले. तो महिना गाळपाचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

चालत्या यंत्राजवळील कामासंबंधी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये स्पष्ट निर्बंध होते: असे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या, नोंदवहीत नाव असलेल्या आणि मालकाने पुरविलेला घट्ट पोशाख घातलेल्या प्रौढ कामगारानेच करावयाचे. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० हिने घेतली आहे. तथापि, पोशाखाविषयीची ती जुनी दक्षता आजही तितकीच मोलाची आहे. गळ्यातील रुमाल, धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या दंडास गुंडाळले गेले, तर माणूस ओढला जाण्यास क्षणही पुरतो.

नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या जागेस कारखाना म्हणण्यासाठी वीस कामगारांची मर्यादा आहे. चौघांवर चालणारा हळदीचा ढोल त्यात येत नाही. ढोलाची ताकद मात्र कामगार मोजून कमी होत नाही. अशा ठिकाणी मालक स्वतःच पट्टा चढवतो, स्वतःच वंगण घालतो, आणि त्याचा मुलगा बटणाजवळ उभा असतो. त्या घरात एक कुलूप व एक किल्ली यांची व्यवस्था कोणत्याही निरीक्षकाची वाट न पाहता होऊ शकते.

राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला पाळला जातो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. परंतु मार्चमध्ये साखर कारखाने बहुधा गाळपात गुंतलेले असतात. फलक लागतात, शपथ होते आणि सर्वजण पाळीवर जातात. दुरुस्तीची कामे त्यानंतर निघतात. तेव्हा गाळप संपल्यावर, पहिला नटबोल्ट सैल करण्यापूर्वी, फिटर, तारतंत्री आणि कंत्राटी मजूर यांना एकत्र बसवून कोणता स्विच कोणत्या यंत्राचा हे प्रत्यक्ष दाखविणारी एक बैठक प्रत्येक कारखान्याने घ्यावी. काम संपल्यावर हत्यारे मोजावीत, काढलेली संरक्षक जाळी पुन्हा बसवावी, माणसे मोजावीत, आणि ज्याचे कुलूप त्यानेच काढल्यानंतर यंत्र सुरू करावे.