शेतीकामाच्या शिक्षणाची परीक्षा : नवशिक्षकाने ती कशी घ्यावी?

खरीप हंगामापूर्वी गावोगावी बियाण्याची उगवणशक्ती तपासणे व बीजप्रक्रिया करणे या विषयांचे वर्ग भरतात. शिक्षक माहिती सांगतो, प्रात्यक्षिक करून दाखवितो व शेवटी विचारतो, "समजले ना?" सर्वजण मान डोलावतात. वर्ग संपतो. पुढे पेरणी होते आणि वर्गात बसलेल्यांपैकीच एखाद्याच्या शेतात उगवण विरळ होते. दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याचा, खताचा व मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि मोलाची ओल निघून जाते ती वेगळीच. अशा वेळी बियाण्यास दोष दिला जातो, पावसास दोष दिला जातो. परंतु जे शिकविले ते शेतकऱ्याच्या हातात उतरले होते किंवा नाही, हे कोणी पाहिलेले नसते.

शिकविले म्हणजे शिकले असे होत नाही. शिक्षण पोहोचले की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे परीक्षा. शेतीशाळेत किंवा प्रशिक्षण केंद्रात नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकास आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास ही परीक्षा घेण्याची कला शिकविण्याच्या कलेइतकीच अवगत असली पाहिजे.

ज्ञान व कौशल्य यांतील भेद

एखादा प्रशिक्षणार्थी बीजप्रक्रियेच्या सर्व पायऱ्या घडाघडा सांगतो. परंतु प्रत्यक्ष काम करताना औषध अंदाजाने ओततो. दुसऱ्यास चार वाक्ये नीट बोलता येत नाहीत. पण त्याचा हात अचूक चालतो. पहिल्याजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ कौशल्य आहे. शेतात दोन्ही लागतात. म्हणून हाताच्या कामाची परीक्षा काम करवून घ्यावी आणि कारणांच्या समजुतीची परीक्षा प्रश्न विचारून घ्यावी. पोहणे येते की नाही हे जसे पाण्यातच कळते, तसे बियाणे तपासता येते की नाही हे बियाणे पुढे ठेवल्यावरच कळते.

हा विचार आपल्याकडे नवीन नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या योजनेत उत्पादक हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया मानला होता. २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातही, माणूस किती वर्षे वर्गात बसला यापेक्षा त्याला काय करता येते, यावर भर दिलेला आहे.

शिकविण्यापूर्वीची चाचपणी

वर्गात येणारा प्रौढ शेतकरी कोरी पाटी घेऊन येत नाही. कोणी वीस वर्षे सोयाबीन पेरलेले असते, तर कोणी प्रथमच पेरणार असतो. नवशिक्षकाने पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती थोडे बियाणे देऊन, "हे बियाणे पेरण्यायोग्य आहे की नाही, हे आपण कसे ठरवाल?" असे विचारावे आणि करून दाखविण्यास सांगावे. यात उणेदुणे काढू नये. केवळ नोंद करावी. ज्याला जे येते ते त्याला पुन्हा शिकविण्यात वेळ दवडू नये. तसेच ज्याला जुनी चुकीची सवय आहे, त्याची ती सवय कोणती हे आधी कळल्याशिवाय नवी रीत त्याच्या अंगवळणी पडत नाही.

शिकवीत असतानाची परीक्षा

परीक्षा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणे ही मोठी चूक होय. प्रत्येक पायरी शिकविल्यानंतर ती तेथल्या तेथे करवून घ्यावी. चूक दिसताच ती त्याच वेळी दुरुस्त करावी. दहाजण एकच चूक करीत असतील तर दोष त्या दहाजणांचा नसून शिकविण्याचा आहे असे समजावे आणि तो भाग निराळ्या रीतीने पुन्हा शिकवावा. परीक्षेत शिकणाऱ्याइतकाच शिकविणाराही तपासला जातो, हे नवशिक्षकाने विसरू नये.

अखेरची परीक्षा

परीक्षेपूर्वी कामाच्या पायऱ्यांचा एक तक्ता तयार करावा व तो प्रशिक्षणार्थ्यांना आधीच समजावून द्यावा. सोयाबीनच्या उगवणशक्तीच्या तपासणीसाठी असा तक्ता पुढीलप्रमाणे करता येईल :

१. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून बियाणे घेतले काय?
२. बियाणे एकत्र मिसळून, निवड न करता, १०० दाणे मोजले काय?
३. ओल्या गोणपाटावर किंवा कागदावर दाणे एकमेकांस न चिकटता ओळीत मांडले काय?
४. गुंडाळी करून ती सावलीत ठेवली व ओल टिकविली काय?
५. चार-पाच दिवसांनी पहिली व आठव्या दिवशी अखेरची मोजणी केली काय?
६. मूळ व कोंब दोन्ही धड असलेली रोपेच मोजली काय?
७. आलेल्या आकड्यावरून एकरी बियाण्याचे प्रमाण ठरविले काय?

प्रत्येक पायरीपुढे "केली" किंवा "केली नाही" एवढीच खूण करावी. सर्व पायऱ्यांचे वजन मात्र सारखे नसते. ओळी किंचित वाकड्या झाल्या तर बिघडत नाही. परंतु दुसरी व सहावी पायरी चुकली तर सगळी तपासणी फुकट जाते. टपोरे दाणे वेचून घेतले तर पोत्यातील खरे बियाणे तपासलेच जात नाही. अशा पायऱ्या तक्त्यात ठळक करून ठेवाव्यात. त्यांपैकी एकही चुकल्यास, बाकीचे काम कितीही चांगले असले तरी, प्रशिक्षणार्थ्यास अद्याप सराव हवा असे ठरवावे.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका प्रशिक्षणार्थ्याने अंकुर दिसलेले सर्व दाणे मोजले आणि ७४ टक्के उगवण लिहिली. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवण आवश्यक मानली जाते. त्याच्या हिशेबाने बियाणे उत्तम ठरले व त्याने एकरी ३० किलो बियाणे पेरण्याचे ठरविले. परंतु त्या ७४ पैकी १४ रोपांचे मूळ कुजलेले किंवा कोंब तुटलेला होता. धड रोपे ६० च होती. ६० टक्के उगवण असता ७० टक्क्यांच्या प्रमाणातील ३० किलोंऐवजी ३५ किलो बियाणे लागते. मोजणीतील एवढी चूक परीक्षकाने हसून सोडून दिली, तर तिचे फळ शेतकऱ्यास विरळ पिकाच्या रूपाने भोगावे लागते.

कारणे विचारावीत

हात योग्य चालला तरी त्यामागील कारण ठाऊक नसेल तर परिस्थिती बदलताच माणूस चुकतो. म्हणून काम झाल्यावर दोन-तीन प्रश्न विचारावेत. "होय" किंवा "नाही" अशा उत्तराचे प्रश्न टाळावेत. बीजप्रक्रियेच्या परीक्षेत पुढील प्रश्न उपयोगी पडतात :

— आधी बुरशीनाशक व शेवटी जिवाणू संवर्धक, असा क्रम का ठेवावयाचा?
— संवर्धक लावलेले बियाणे उन्हात का वाळवू नये?
— गुळाचे द्रावण थंड झाल्यावरच संवर्धक का मिसळावे?
— सोयाबीनचे बियाणे जोराने का चोळू नये?
— औषधाच्या पुडक्यावर किलोस ३ ग्रॅम असे प्रमाण दिले असेल, तर ३० किलो बियाण्यास किती औषध लागेल?

पहिल्या तीन उत्तरांवरून, संवर्धकातील जिवाणू सजीव असून औषध, ऊन व उष्णता यांनी ते मरतात, ही गोष्ट उमगली की नाही हे कळते. चौथ्यावरून या बियाण्याचे पातळ व नाजूक टरफल ध्यानात आले की नाही ते कळते. पाचव्याचे उत्तर ९० ग्रॅम आहे. ते तोंडी हिशेबाने दिले तरी चालेल. ज्यास लिहिता येत नाही त्याची परीक्षा तोंडीच घ्यावी. अक्षरओळख नसणे म्हणजे शेतीकाम न येणे नव्हे.

नवशिक्षकाकडून होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे मदत करण्याचा मोह. प्रशिक्षणार्थी अडखळला की शिक्षकाचा हात आपोआप पुढे जातो किंवा तोंडून पुढचा शब्द निघतो. शिकविताना हे योग्य, परीक्षेत अयोग्य. मात्र हातमोजे न घालता औषध हाताळणे यासारखे धोक्याचे काम दिसताच परीक्षा तत्काळ थांबवावी.

दुसरी चूक म्हणजे माणूस पाहून निर्णय देणे. गावातील वजनदार गृहस्थास पास करणे सोपे वाटते आणि मागे उभ्या असलेल्या अबोल स्त्रीकडे लक्षच जात नाही. वास्तविक पुष्कळ घरी बियाणे निवडण्याचे व राखून ठेवण्याचे काम स्त्रियाच करतात. तक्ता सर्वांना एकच असावा. प्रारंभी एखाद्या अनुभवी शिक्षकास सोबत घेऊन दोघांनी एकाच प्रशिक्षणार्थ्याच्या कामाची स्वतंत्रपणे नोंद करावी व नंतर ताडून पाहावी. दोघांच्या खुणांत फार अंतर पडले तर तक्त्यातील वाक्ये संदिग्ध आहेत असे समजून ती सुधारावीत.

तिसरी चूक म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करणे. येथे पहिला क्रमांक काढावयाचा नसतो. प्रत्येकाचे काम ठरलेल्या मापाशी ताडावयाचे असते.

निर्णय कसा सांगावा

"नापास" हा शब्द उच्चारला की प्रौढ मनुष्य पुन्हा वर्गाकडे फिरकत नाही. वडीलधाऱ्या शेतकऱ्याची चूक चारचौघांत न सांगता बाजूस घेऊन, आदराने सांगावी. आधी काय बरोबर झाले ते सांगावे, मग नेमकी कोणती पायरी चुकली व तिच्यामुळे शेतात काय होईल ते सांगावे, आणि ती पायरी लगेच पुन्हा करण्याची संधी द्यावी. "काका, आपण दाणे फार छान मांडले, पण टपोरे तेवढे वेचून घेतलेत. पोत्यात तर बारीक दाणेही आहेत," एवढे बोलणे पुरेसे होते. "लक्ष द्या", "नीट करा" अशा मोघम सूचनांनी कोणाचेही काम सुधारत नाही. पुनर्परीक्षेची तारीख तेथेच ठरवून वहीत नोंदवावी.

शेतावरील परीक्षा

वर्गातील परीक्षा संपली तरी कार्यकर्त्याचे काम संपत नाही. पेरणीपूर्वी प्रशिक्षणार्थ्याच्या घरी जाऊन त्याने स्वतःच्या बियाण्याची तपासणी केली काय ते पाहावे. उगवणीनंतर शेतात जाऊन रोपांची संख्या त्याच्यासह मोजावी व ती तपासणीच्या आकड्याशी ताडून पाहावी. फरक पडला तर ओल, पेरणीची खोली, किडींचा उपद्रव, सर्व कारणे दोघांनी मिळून शोधावीत. या भेटीत शेतकरी शिकतो आणि शिक्षकही शिकतो.

परीक्षेची ही रीत उगवणशक्तीच्या तपासणीपुरती मर्यादित नाही. माती नमुना घेणे, फवारणी पंप वापरणे, कलम बांधणे या सर्व कामांना ती लागू पडते. कामाच्या पायऱ्या लिहाव्यात, ज्यांच्या चुकीने नुकसान होते त्या ठळक कराव्यात, काम करवून घ्यावे, कारण विचारावे आणि चूक दुरुस्त होईपर्यंत पाठ सोडू नये. वर्गात झालेली चूक मूठभर दाण्यांची असते. तीच शेतात गेली की साऱ्या हंगामाची होते. ती वर्गातच पकडणे, हेच परीक्षेचे प्रयोजन होय.