तीन एकर, चार माणसं

चंदीगडच्या वायव्येला, मुल्लांपूरच्या बाजूला अजून भाजीची शेती दिसते. शेताच्या बांधावरून बहुमजली इमारती दिसतात आणि जमिनीचे भाव कोटींत बोलले जातात. अशा गावातल्या एका घरचा हा फेब्रुवारीतला दिवस. घरी नवरा-बायको, त्याची आई म्हणजे बीजी, आणि बारावी झालेली मुलगी. जमीन तीन एकर. शेजारपाजारच्या घरांचा दिवसही थोड्याफार फरकाने असाच जातो.

पहाटे 3.30

बाहेर धुकं. काल संध्याकाळी काढलेला मटार आणि फ्लॉवर क्रेटमध्ये भरून अंगणात ठेवला आहे. नवरा-बायको दोघं मिळून क्रेट शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवतात. टेम्पोचं भाडं दोन घरांत वाटून घ्यायचं ठरलेलं आहे.

पहाटे 4.30

सेक्टर 26 ची मंडी. अडत्याचा माणूस ढिगापाशी उभा राहून बोली पुकारतो आणि मटार बघता बघता विकला जातो. भाव ठरतो तो आज मंडीत किती गाड्या आल्या यावर. पिकवायला काय लागलं, हे इथे कुणी विचारत नाही. केंद्र सरकार 22 पिकांना हमीभाव जाहीर करतं, त्यात भाजी नाही. गहू लावला तर सरकारी खरेदीचा आधार असतो, पण एवढ्याशा तुकड्यावर नुसत्या गव्हात घर चालत नाही. म्हणून एका एकरात गहू, दोनांत भाजी.

सकाळी 6

तो परत येईपर्यंत बीजींनी दोन म्हशींच्या धारा काढल्यात. घरापुरतं ठेवून उरलेलं दूध गावातल्या सोसायटीत, वेरका या सहकारी दूध संघाला जातं. बायको शेण काढते, वैरण टाकते, चुलीवर पराठे लावते. दुधाचे पैसे ठरल्या दिवशी येतात. भाजीने दगा दिला तर महिना या पैशांवर निघतो.

सकाळी 8

आज विजेची पाळी सकाळची आहे. पंजाबात शेतीपंपाला बिल नाही, पण वीज येईल त्या वेळी शेतात हजर राहावं लागतं, मग ती मध्यरात्री का येईना. गव्हाला पाणी धरायचं काम बायकोचं. सातबारावर जशी आपल्याकडे बहुतेक बायकांची नावं नसतात, तशी इथल्या जमिनीच्या कागदांवरही नसतात. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलं आहे. ती फावड्याने दारं मोडते आणि पुढच्या वाफ्याकडे वळते.

सकाळी 10

सगळं घर शेतात. गाजर उपटायचं, हौदात धुवायचं, पालक आणि मेथीच्या जुड्या बांधायच्या. बीजी बसून जुड्या बांधतात. त्यांच्या हाताचा वेग कुणाला जमत नाही. मोठे जमीनदार बटाटा काढायला बिहारहून आलेल्या मजुरांच्या टोळ्या लावतात. इथे बाहेरचा माणूस लावला तर मेथीचे पैसे त्याच्याच मजुरीत जातील.

घरच्याच हातांवर चालणारी शेती फक्त या एका बांधावरची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासानुसार जगात 60 कोटींहून जास्त शेतं आहेत. त्यांतली 90 टक्क्यांहून अधिक कुटुंबं चालवतात आणि जगातलं सुमारे 80 टक्के अन्न, किमतीच्या हिशेबात, तिथून येतं. यात मोठी कुटुंबंही आली. दोन हेक्टरांच्या आतले, म्हणजे या घरासारखे, शेतकरी जगातली जेमतेम 12 टक्के शेतजमीन कसतात, पण अन्नाचा साधारण तिसरा हिस्सा पिकवतात.

दुपारी 1

शेतातच जेवण: मक्याची रोटी, साग, मुळा. मुलगी मोबाइलवर इंग्रजीचा सराव करत जेवते.

कमी जमिनीतून एवढं अन्न निघतं कसं, याचं उत्तर या पंगतीत बसलेलं आहे. हमीभाव सुचवताना कृषी खर्च व मूल्य आयोग बियाणं, खत, डिझेल, दिलेली मजुरी असा रोख खर्च धरतो आणि त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची अंदाजे किंमत मिळवतो. गव्हाच्या हमीभावात निदान कागदावर तरी घरचे तास मोजले जातात. भाजीत तेही नाही. भाव पडला की कारखाना कामगार कमी करतो. हे घर तासभर जास्त राबतं. जगाला स्वस्त अन्न मिळतं ते बऱ्याच अंशी या न मोजलेल्या तासांमुळे.

दुपारी 3

नवरा-बायको ‘अपनी मंडी’ला निघतात. पंजाब मंडी बोर्डाने 1987 साली चंदीगडमध्ये हा प्रकार सुरू केला: ठरलेल्या वारी, ठरलेल्या सेक्टरच्या मैदानात शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकायचं. तमिळनाडूचे उळवर संदै आणि आंध्रचे रयतू बाजार 1999 चे. आपल्याकडचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार आले 2016 मध्ये.

संध्याकाळी 6

ऑफिसं सुटतात आणि गर्दी होते. पहाटेच्या बोलीपेक्षा इथे किलोमागे चांगले पैसे सुटतात. पण शेजारच्या पथारीवर सेक्टर 26 मधूनच माल उचलून आलेला व्यापारी बसलेला असतो. ही तक्रार जुनी आहे. गिऱ्हाईक गाजर घेतं आणि वर म्हणतं, “धनिया तो डाल दो, भैया.” कोथिंबीर इथे फुकटच द्यायची असते. ती सकाळी बीजींनी निवडलेली आहे.

याच वेळी मुलगी सेक्टर 34 मध्ये आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासला बसली आहे. आजूबाजूला कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या पाट्या. फी दुधाच्या पैशांतून भरली.

रात्री 9.30

उरलेला पालक म्हशींना. जेवण झाल्यावर तो वहीत लिहितो: टेम्पो, औषध, अडत, डिझेल, आणि समोर जमा. शिल्लक दिसते. चौघांचे मिळून चाळीसच्या आसपास तास झाले असतील. ते मांडले तर शिल्लक टिकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

संयुक्त राष्ट्रांचं कौटुंबिक शेतीचं दशक 2028 ला संपतं. ते साजरं करताना जगाने या घराच्या चिवटपणाचं कौतुक करावं, पण तो चिवटपणा फुकट मिळतो आहे हेही लिहून ठेवावं. मुलीला परीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले आणि ती परदेशी गेली तर आठांतले दोन हात कमी होतील आणि तिच्या जागी रोजाने माणूस लावावा लागेल. त्या दिवसापासून तिच्या तासांना या वहीत रकाना मिळेल, आणि दोन एकर भाजीचं काय करायचं हा प्रश्न पहिल्यांदाच पैशांत विचारला जाईल.