बाहेर कुठेच नसलेला आवाज

कानात सतत शिट्टी वाजते अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एक वाक्य ऐकायला मिळतं: ‘याला इलाज नाही, सवय करून घ्या.’ वाक्य खोटं नाही, पण अर्ध्यावर सोडलेलं आहे. सवय होते कशी, तिच्या आड काय येतं, ती व्हावी म्हणून काय करता येतं, हे सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. माणूस घरी येतो, रात्री दिवे मालवतो, घर शांत होतं आणि कानातला आवाज चढतो. त्या रात्री त्याला ‘इलाज नाही’ एवढंच आठवत राहतं.

या तक्रारीला टिनिटस म्हणतात. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला गॅस गळत असल्यासारखी सूं. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांनी १८७६ साली लिहिलेल्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या अखेरच्या भागात व्हायोलिनचा एक उंच, लांबलेला स्वर घातला. बहिरेपणा आला तेव्हा कानात वाजू लागलेल्या नादाची ती खूण होती. जगभरातल्या अभ्यासांचा २०२२ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यानुसार साधारण १४ टक्के प्रौढांना हा आवाज येतो, पण त्याचा तीव्र त्रास सुमारे २ टक्क्यांनाच होतो. आवाज येणं आणि त्याने जगणं नकोसं होणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उपचारांचा सगळा विचार या फरकावर उभा आहे.

आधी आवाज तयार कुठे होतो ते पाहू. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांची टोकं हलतात आणि त्या हालचालीचा विद्युतसंदेश होऊन तो नसेतून मेंदूकडे जातो. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आत जावं तशी पट्टी उतरत जाते. वय, कारखान्यातला गोंगाट, फटाके, काही औषधं यांनी या पेशी मरतात आणि बहुतेकदा आधी मरतात त्या उंच पट्टीच्या. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत.

आता मेंदूकडून पाहा. एका पट्टीचे संदेश यायचे कमी झाले की मेंदू गप्प बसत नाही. त्या पट्टीसाठी राखलेल्या चेतापेशी आपली संवेदनशीलता वाढवतात, जे काही थोडंफार येतंय ते मोठं करून ऐकू पाहतात. चेतापेशी पूर्ण शांत कधीच नसतात, त्यांची बारीक धुसफुस सतत चालू असते. वाढलेल्या संवेदनशीलतेत ती धुसफुसच आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. कानातली शिट्टी बहुधा ज्या पट्टीत ऐकू कमी येतं त्याच पट्टीच्या आसपास असते, याचं कारण हेच. कानाच्या नसेवरची गाठ काढताना ती नस कापावी लागली, तरी अनेक रुग्णांचा आवाज थांबत नाही. म्हणजे सुरुवात कानात झाली तरी आवाज टिकवून धरतो मेंदू. ‘कानाची नस अशक्त झाली’ म्हणून वर्षानुवर्षं टॉनिक घेणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

ही यंत्रणा काही आजारी माणसांचीच नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी कानाची कसलीच तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना काही मिनिटं ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला लावलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी, घंटा असं काही ना काही ऐकू आलं. पूर्ण शांततेत ठेवलं तर जवळजवळ प्रत्येकाचा मेंदू वाजू लागतो. म्हणून टिनिटस असलेल्याने शांत खोली शोधू नये, पण बहुतेक जण नेमकं तेच करतात.

आणखी एक गोष्ट अशी की ऑडिओलॉजिस्ट बाहेरून आवाज ऐकवून कानातल्या आवाजाशी तो जुळवून पाहतात. ‘डोकं फुटेल इतका मोठा’ असं रुग्ण ज्याचं वर्णन करतो, तो आवाज या जुळणीत बहुधा त्याच्या ऐकण्याच्या किमान पातळीपेक्षा जेमतेम १०-१५ डेसिबलने वर निघतो. रुग्ण खोटं बोलत नसतो. त्रास ठरतो तो मेंदूने त्या आवाजाला दिलेल्या अर्थावरून. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास मांडलेला विचार असा: आवाज पहिल्यांदा जाणवतो तेव्हा माणूस घाबरतो. ट्यूमर तर नाही? बहिरा होणार का? भीतीची केंद्रं जागी होतात, छाती धडधडते, झोप उडते. मेंदू त्या आवाजावर धोक्याचा शिक्का मारतो, आणि धोक्यावर तर लक्ष ठेवायलाच हवं. लक्ष ठेवल्याने आवाज अधिक स्पष्ट होतो, म्हणून भीती वाढते. हे चक्र एकदा फिरू लागलं की ते आपोआप थांबत नाही.

सवय होणं म्हणजे हा शिक्का पुसला जाणं. ठाणे-दादर पट्ट्यात रेल्वे रुळांलगत असणाऱ्या घरांत नवीन पाहुण्याला पहिल्या रात्री डोळा लागत नाही, घरातल्या माणसांना मात्र लोकल गेलेली कळतही नाही. त्यांचे कान तेच आहेत, लोकलचा आवाजही तेवढाच आहे. मेंदूने तो बिनमहत्त्वाचा ठरवून जाणिवेच्या दारावरच अडवलेला असतो. कानातल्या आवाजाचंही असंच होऊ शकतं आणि बहुतेकांचं होतं, मात्र काही आठवड्यांत नाही, बहुधा काही महिन्यांत.

पण धोका नाही हे मेंदूला पटवण्याआधी तो खरोखर नाही ना, याची खात्री करून घ्यायलाच हवी. एका कानाने अचानक, तीनेक दिवसांत, ऐकू येणं कमी झालं आणि त्यात आवाज सुरू झाला तर ती तातडीची वेळ आहे. सर्दीने कानाला दडे बसले असतील असं समजून लोक आठवडे घालवतात. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तो पहिल्या दोन आठवड्यांत आणि जितक्या लवकर तितका बरा. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या, रक्तदाब, रक्ताचं प्रमाण, थायरॉइड यांची तपासणी लागते. एकाच कानात सतत आवाज असेल तर नसेवरची गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहतात. ही गाठ क्वचितच सापडते आणि सापडली तरी ती कर्करोगाची नसते. गरगरणारी चक्कर, कान भरल्यासारखा वाटणं आणि घुमणारा नाद यांचे झटके येत असतील तर प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली वर्णन केलेला विकार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत. औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. अमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लाटिन केसपेशींना कायमची इजा करू शकतात. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने येणारा आवाज मात्र ती थांबवल्यावर जातो. हृदयासाठी घेतली जाणारी छोटी गोळी सहसा दोषी नसते, ती स्वतःहून बंद करू नका. कधीकधी सगळा खेळ घट्ट बसलेल्या मळाचा असतो आणि मळ काढला की आवाज संपतो. दोन्ही कानांत सारखा, धडधड नसलेला आवाज असेल आणि दोन्हीकडचं ऐकणं सारखं असेल तर स्कॅनची बहुधा गरज नसते. घाबरून केलेले महागडे स्कॅन मनाला फार काळ दिलासा देत नाहीत.

प्रत्येकाला लागते ती श्रवणचाचणी. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि त्याचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, काढतात. गोंगाटाने झालेली इजा ४००० हर्ट्झजवळ खड्डा पडल्यासारखी दिसते. त्याबरोबर २५ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. १९९६ पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याने झोप, काम, माणसांतली ऊठबस किती बिघडली हे कळतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाच्या तपासण्या होतात. आणि ऑडिओग्राम नॉर्मल आला म्हणून ‘मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. गोंगाटातून केसपेशी वाचल्या तरी त्यांचे नसेशी असलेले जोड तुटू शकतात आणि साध्या चाचणीत ते दिसत नाही, हे २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे.

उपचारांत मी पहिला क्रम श्रवणयंत्राला देईन, अर्थात ऐकू कमी येत असेल तर. आपल्याकडे ‘मशीन’ म्हणजे म्हातारपणाचा शिक्का अशी समजूत आहे आणि तिच्यापायी लोक दहा-दहा वर्षं चालढकल करतात. यंत्रामुळे मेंदूला हरवलेले आवाज परत मिळू लागतात, ताणून ऐकण्याची गरज कमी होते आणि कानातला आवाज बाहेरच्या आवाजांत मिसळतो.

ऐकणं चांगलं असेल तरी खोलीत मंद आवाज हवा. टेबल फॅन, पावसाच्या किंवा धबधब्याच्या आवाजाची ध्वनिफीत, तानपुऱ्याचं ॲप, जे तुम्हाला नकोसं होत नाही ते. त्यात शब्द नसावेत आणि लक्ष वेधणारे चढउतार नसावेत. आवाज किती ठेवायचा, इथे बहुतेकांची चूक होते. कानातली शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा ठेवू नका. दोन्ही ऐकू येतील, बाहेरचा किंचित कमी असेल, असा ठेवा. जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय कशी होणार? थंडीत पंखा बंद झाल्यावर त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, तेव्हा दुखणं वाढलं असं समजू नये, खोलीतला आवाज कमी झालेला असतो. दिवसभर कानात बोळे घालून बसणं तर टाळाच, त्याने साधे आवाजही बोचू लागतात.

पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात भक्कम उपचार मात्र मानसोपचारातला आहे: कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात तिने टिनिटसचा जाच कमी होतो असं दिसलं. आवाजाची पातळी ती कमी करत नाही, ‘आता मला कधीच झोप लागणार नाही’ यासारख्या विचारांवर आणि त्यातून लागलेल्या सवयींवर काम करते. त्यातली एक सवय सगळ्यांना असते: सकाळी जाग आल्याबरोबर कान टवकारून आवाज आहे का ते तपासणं. रोज तपासणं म्हणजे हा आवाज महत्त्वाचा आहे असं मेंदूला रोज बजावणं. आवाज किती होता याची रोजची नोंदवही ठेवू नये तीही याचसाठी. त्यापेक्षा सोडून दिलेलं भजनी मंडळ, सकाळचं फिरणं, मित्रांचा कट्टा पुन्हा सुरू करा. झोपण्याची वेळ ठरलेली ठेवा. नैराश्य आलं असेल तर त्याचे उपचार स्वतंत्रपणे घ्या, आणि जीव नकोसा वाटू लागला असेल तर क्षणभरही न थांबता घरच्यांना सांगा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जिंको, झिंक, मेलाटोनिन ही टिनिटससाठी देऊ नयेत असं अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीनचाही नुसत्या टिनिटसवर उपयोग होतो असा पुरावा मिळालेला नाही. ब-१२ कमी असेल तर जरूर भरून काढावं, आवाज जाईल या आशेने वर्षभर इंजेक्शनं घेऊ नयेत. कानात तेल घालण्याची घरगुती सवय पडद्याला भोक असलेल्या कानाला महागात पडू शकते. यास्त्रेबॉफ यांच्या विचारावर बेतलेली खास प्रशिक्षण पद्धतही २०१९ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा सरस ठरली नाही. समजावून सांगणं, मंद आवाज आणि धीर यांचा फायदा चाचणीतल्या सगळ्याच गटांना झाला. म्हणजे महागड्या नावाच्या पॅकेजमागे धावण्याची गरज नाही. कानात सूर आणि जिभेला सौम्य विद्युतस्पंदनं देणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे, पण तेही आवाज मिटवून टाकणारं यंत्र नाही.

घरच्यांसाठी एवढंच की ‘आम्हाला तर काही ऐकू येत नाही’ हे वाक्य बंद करा. समोरच्या माणसाला ते रोज एकटं पाडतं.

शेवटचं बोलणं ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींशी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसवतो असं धरतात आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात, त्या नोंदींनी कित्येक वर्षी शंभरी ओलांडली आहे. ढोल कंबरेला बांधलेल्या माणसाच्या कानाला तर तो आवाज त्याहून जवळचा असतो. सराव संपल्यावर कानात वाजणारी आणि सकाळी विरणारी शिट्टी ही पेशी थकल्याची पहिली सूचना आहे. फोमचे बूच काही रुपयांत मिळतात, नीट बसवले तर आवाज वीसेक डेसिबलने उतरतो आणि ठेका तरीही स्वच्छ ऐकू येतो. पथकप्रमुखांनो, यंदा सरावाच्या पहिल्याच दिवशी टिपरूंबरोबर ते वाटा आणि कानात घातल्याशिवाय कुणालाही ढोल बांधू देऊ नका.